अळणी नैवेद्य

अक्का, मी तुमच्यावर रागावलेय. काल तुमचा तेरावा झाला, आज सकाळी पाहुणे गेले, आणि उणकलच्या या फ्लॅटमध्ये डायनिंग टेबलाशी वही घेऊन बसले तर पहिलं हेच लिहावंसं वाटलं. गेलेल्या माणसावर रागवायचं नसतं म्हणे. नसू दे. चौतीस वर्षं तुमची धाकटी जाऊ म्हणून वावरलेय, एवढा हक्क माझा आहे की.

मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची होती. पाप म्हणा हवं तर. केशवापूरच्या जुन्या घरात, तुमच्या स्वयंपाकघरात, तुमच्या पाठीमागं मी ते नऊ वर्षं रोज केलं. दिवाळी झाली की सांगू, तुमचा गुडघा बरा झाला की सांगू, असं करत मी दिवस ढकलले. आणि तुम्ही एका दुपारी चहाचा कप हातात घेऊन खुर्चीत बसलात त्या उठलाच नाहीत. आता फोटोपुढं बसून सांगून टाकावं म्हटलं, तर भावजींनी पाचव्या दिवशी मला भलतंच काही सांगितलं. ते येईलच पुढं. आधी माझं सगळं ऐकून घ्या, आणि निदान आज तरी मधे बोलू नका.

ते स्वयंपाकघर पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी चक्क रडले होते, आठवतं? धारवाडला माळमड्डीतलं माझं माहेर ऐसपैस. आमच्या स्वयंपाकघरात एका वेळी बारा पानं बसायची. आणि इथं? मामंजींनी केशवापूरचं घर हौसेनं बांधलं, देवघर मोठं काढलं, बैठकीची खोली मोठी काढली, आणि शेवटी त्यांच्या लक्षात आलं की स्वयंपाकघराला जागाच उरलेली नाही. मग घराची भिंत आणि कंपाउंडची भिंत यांच्या मधल्या बोळावर कौलं घातली, की झालं स्वयंपाकघर! लांबीला भरपूर, रुंदीला चार फूट. दोघी समोरासमोर आलो की एकीनं उलट्या पावली मागं जायचं. "रडतीस काय?" तुम्ही म्हणालात. "उभ्या जागेवरून दोन्ही बाजूच्या फळ्या हाताला लागतात. मोठमोठ्या घरातल्या बायका नुसत्या चालून चालून दमतात ग." मला तेव्हा वाटलं, ही बाई माझी चेष्टा करतेय. पंधरा दिवसांत कळलं की तुम्ही अगदी मनापासून बोलत होता. त्या बोळाचा तुम्हाला अभिमान होता.

बोळाच्या मधोमध ती पायरी. अर्धा भाग जुन्या ओट्याचा, तो वीतभर उंच. त्यावर शेगडी, फळ्या, मांडणी. खालच्या अर्ध्यात वाटणाचा दगडी रगडा, मोरी आणि ती खिडकी. नवीन माणूस आत पाऊल टाकायच्या आत तुम्ही ओरडायचात, "पायरी!" माणूस दचकून थांबायचा आणि दचकल्यामुळंच अडखळायचा. हातात गरम पातेलं असलं की आपण दोघी कानडीत "बंदे!" म्हणून हाक द्यायची, म्हणजे आले, बाजूला व्हा. घरातली पोरंही शिकली होती. आमच्या ह्यांना तर तारिहाळच्या कारखान्यात सुद्धा दारातून आत शिरताना "बंदे" म्हणायची सवय लागली होती, सगळे हसायचे त्यांना.

खिडकीची तर तऱ्हाच न्यारी. घर बांधलं तेव्हा ती बरोबर उंचीवर होती. पण गल्लीत दर दोन-चार वर्षांनी डांबराचा नवा थर पडायचा, जुना कुणी काढायचं नाही, आणि रस्ता चढत चढत खिडकीच्या चौकटीपर्यंत आला. मी आले तेव्हा खिडकीतून फक्त पाय दिसायचे. तुम्ही पाटावर बसून भाजी निवडता निवडता पायांवरून माणसं ओळखायचात. "देसाईबाई चालल्या. गुडघा धरलाय आज त्यांचा." "पोस्टमननं चपला बदलल्या बघ." एकदा मला म्हणालात, "तुझा नवरा आला, आणि काहीतरी बिनसलंय त्याचं, पाय आपटतोय." मी बाहेर जाऊन बघते तर खरंच की, बॉसशी भांडून आले होते! नवऱ्याचा मूड मला तोंड बघून कळायचा नाही, तो तुम्हाला चपलेवरून कळायचा. यल्लव्वा भाजीवाली तर दारात यायचीच नाही. खिडकीपाशी टोपली ठेवून उकिडवी बसायची, वाकून आत बघायची, "ऊट आतेन्री, अक्का?" म्हणून जेवणखाण विचारायची आणि मेथीच्या जुड्या गजांतून थेट आपल्या फरशीवर सोडायची.

वरती कौलांत एक काचेचं कौल होतं. त्यातून पडलेला उन्हाचा तुकडा फळीवरून उतरत उतरत साडेअकराला पायरीवर यायचा. तुम्ही घड्याळ कधी बघितलं नाही. ऊन पायरीवर आलं की नैवेद्याची वेळ झाली. थंडीत सकाळी तिथं इतकं ऊबदार असायचं की भावजी पेपर घेऊन पायरीवर येऊन बसायचे आणि तुम्ही त्यांना पायानं बाजूला सारायचात. "हायकोर्टात बसा जा, इथं वाट अडवू नका!" भावजी शाळेत इतिहास शिकवायचे, हायकोर्टाशी त्यांचा संबंध काय, पण ते निमूट उठायचे.

आणि तुमचा हात! अक्का, हे मी तुमच्या तोंडावर कधी बोलले नाही, कारण तुम्ही लगेच "साकु साकु, पुरे" म्हणाला असतात. आता म्हणा बघू. माझ्या ओळखीत नैवेद्याआधी जिभेला काही न लावणाऱ्या बायका पुष्कळ होत्या, आणि त्यांच्या घरची आमटी कधी समुद्र तर कधी गोडं पाणी. तुमचं कधी चुकलं नाही. उकळी फुटली की झाकण काढायचं, डोळे मिटायचे, एकदा वास घ्यायचा आणि म्हणायचं, "चिमूटभर कमी आहे." मिठाला वास असतो का हो? मी एकदा मुद्दाम गुपचूप जास्तीचं मीठ टाकून बघितलं होतं, लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी. तुम्ही वास घेतलात, माझ्याकडं बघितलंत आणि शांतपणे दोन बटाटे चिरून आत टाकलेत. रागावला सुद्धा नाहीत. त्या दिवसापासून मी तुम्हाला मनातून गुरू मानलं. वरवर मात्र तुमच्याशी भांडतच राहिले, ते सोडा.

मग तो दिवस आला. तीस वर्षं जगाला "पायरी, पायरी" करून सांगणारी बाई, स्वतःच ताकाचं भांडं घेऊन उतरताना पायरीवरून घसरली. डोक्याला मागं मार लागला. चार टाके पडले, पंधरा दिवस पडून राहिलात, आणि सोळाव्या दिवशी उठून शेगडीपाशी उभ्या. आम्ही सगळे खूश. मला आठवतं, त्याच आठवड्यात मी बाहेरच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते आणि मला गॅसचा वास आला. धावत आत आले. शेगडीचं बटण अर्धवट उघडं, आणि तुम्ही त्याच्या शेजारी हातभर अंतरावर निवांत मेथी निवडताय. मी सिलिंडर बंद केला, खिडकी उघडली. तुम्ही विचारलंत, "काय झालं ग?" मग माझं तोंड बघितलंत, बटणाकडं बघितलंत, आणि म्हणालात, "सर्दी झालीय मला." ती सर्दी पुढं कधीच गेली नाही.

तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत. मीही विचारलं नाही. पण चार दिवसांनी हे तारिहाळहून डबा घेऊन आले आणि हळूच म्हणाले, "अक्कांच्या भाजीत मीठ दोनदा पडलंय आज. तू काही बोलू नको त्यांना." पुढच्या रविवारी आमटीत मीठच नव्हतं. भावजी, हे, आपली पोरं, सगळे खाली मान घालून जेवत होते. तुम्ही वाढता वाढता विचारलंत, "कसं झालंय?" सगळे एका सुरात म्हणाले, "छान!" इतक्या पटकन म्हणाले की कुणालाही कळलं असतं. तुम्ही एकेकाच्या तोंडाकडं बघितलंत. अक्का, तुमचा तो चेहरा मला नाही सहन झाला. ज्या बाईला उभं केशवापूर लग्नमुंजीला "मसाल्याचं प्रमाण सांगा" म्हणून विचारायला यायचं, ती बाई हातात पळी घेऊन अशी उभी होती, जणू काही तीच पाहुणी आहे.

त्या दिवशी मी ठरवलं. आणि दुसऱ्या दिवसापासून पापाला सुरुवात केली. तुम्ही आमटी, भाजी उतरवून ठेवायचात आणि म्हणायचात, "तुळस आणते ग." मला नेहमी नवल वाटायचं, रोज सकाळी परडीभर फुलं काढणारी ही बाई नेमकी तुळस कशी विसरते? पण मला तेवढंच फावायचं. तुम्ही पुढच्या अंगणात गेलात की मी पळीनं थेंबभर आमटी तळहातावर घ्यायची, पायरी उतरून रगड्याच्या आड जायची, भिंतीकडं तोंड करायची आणि चाटायची. कमी असलं तर मीठ टाकायची. जास्त झालं असलं तर कधी बटाटा, कधी नारळाचं दूध, कधी कणकेचा गोळा. मग हात धुऊन, काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं कोशिंबीर कालवत बसायची. त्या बोळात मान वळवल्याशिवाय पलीकडचं दिसायचं नाही, ते किती बरं होतं! खिडकीतून बघणारं कोण, तर जाणारे-येणारे पाय. तुम्ही अंगणातून परत येताना लांबूनच "बंदे!" म्हणायचात. हातात दोन तुळशीची पानं, आणि आरोळी अशी की उकळतं पातेलं आणताय. मी म्हणायची, अय्य, सवय झालीय यांना. मग तुम्ही मला पानं मांडायला बाहेर पाठवायचात आणि नैवेद्याचं ताट स्वतः वाढायचात.

म्हणजे बघा, अक्का. ज्या बाईनं उभ्या जन्मात देवाआधी जिभेला काही लावलं नाही, तिच्या देवाला मी रोज उष्टं खायला घालत होते. मी काही तुमच्याइतकी सोवळ्यातली नाही, पण इतकी निर्ढावलेलीही नाही. भावजी पूजेला बसून घंटा वाजवायला लागले की मी हात जोडायची. देवाला मनातल्या मनात सांगायची, हे बघ, तुला राग आला तर माझ्यावर काढ, त्या बाईला यातलं काही ठाऊक नाही. एका वर्षी ह्यांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा मी दवाखान्याच्या बाकावर बसून स्वतःला शिव्या देत होते. तुम्ही माझ्या शेजारी बसून माझा हात धरला होता. तेव्हाच सांगणार होते. तुम्ही म्हणालात, "घाबरू नको, आपलं देवाचं सगळं नीट चाललंय." मग कशी सांगणार!

आणि आता जे सर्वांत वाईट ते सांगते. तुमचे बेळगावचे मामेभाऊ आले होते. जेवून ढेकर दिली आणि म्हणाले, "अक्काच्या हातची चव अजून तश्शीच!" सगळे हो हो म्हणाले, तुम्ही हसलात. मी ताक वाढत होते. मला एकदम असा राग आला, काय सांगू. सहा वर्षं झाली होती तोवर. त्या चवीतली निम्मी माझी होती आणि माझ्याकडं कुणी ढुंकून बघत नव्हतं. दुसऱ्या दिवशीही ते जेवायला होतेच. तुम्ही तुळस आणायला गेलात, आणि मी जागची हलले नाही. हाताची घडी घालून उभी राहिले. आमटी तशीच पानात गेली. खारट म्हणजे किती, मामेभावांनी पहिला घास घेतला आणि पाण्याच्या तांब्याला हात घातला. तुम्ही सगळ्यांच्या पानातली आमटी काढून घेतलीत, दही-भात कालवून आणलात आणि म्हणालात, "आज माझा हात चुकला. वय झालं." तेवढंच. माझ्याकडं बघितलं सुद्धा नाहीत. दुपारी सगळी भांडी एकटीनं घासलीत, मला हात लावू दिला नाहीत. आणि दुसऱ्या दिवशी माझ्या आवडीची भरली वांगी केलीत. मी ती रडत रडत खाल्ली. तुम्ही म्हणालात, "तिखट झालीत का ग?" मी म्हटलं, हो.

मग घर विकायचा विषय निघाला. खरं सांगायचं तर फ्लॅट मलाच हवा होता. तुमचा गुडघा, ती पायरी, पावसाळ्यात खिडकीतून आत येणारं गल्लीतलं पाणी, सगळं मी पुढं केलं, आणि ते खोटंही नव्हतं. तुम्ही फारसा वाद घातला नाहीत. "तुम्ही दोघी बघा काय ते," भावजी म्हणाले, आणि तुम्ही म्हणालात, "सुमती म्हणते तर जाऊ या." इथं आलो. मोकळं, ओट्याला काळा ग्रॅनाइट, हॉलमधून सरळ दिसणारं स्वयंपाकघर. आणि पहिल्याच दिवशी तुम्ही पळी माझ्या हातात दिलीत. "आता तू बघ. मी दमले."

मला वाटलं, रुसल्या. सहा वर्षं मला तसंच वाटत होतं. तुम्ही सोफ्यावर बसून मेथी निवडून द्यायचात, पण शेगडीपाशी कधी उभ्या राहिला नाहीत. सणावाराला सुद्धा नाही. मी एकदा तडकून बोललेही, "एवढं आवडलं नव्हतं घर तर तेव्हाच सांगायचं होतं! इथं आल्यापासून पाहुण्यासारख्या बसून असता." तुम्ही माझ्याकडं बघून म्हणालात, "छान आहे की घर. उजेड किती आहे." त्या उजेडाचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. मी आणखी दोन शब्द बोलले. ते इथं लिहीत नाही, तुम्हाला ठाऊक आहेत.

पाचव्या दिवशी दुपारी घरात भावजी आणि मी दोघंच होतो. सुतकात चूल साधीच, मी खिचडी केली होती. भावजींनी एक घास खाल्ला आणि थांबले. मला वाटलं, मीठ चुकलं. म्हटलं, "अळणी झालीय का हो?" तर त्यांच्या डोळ्यांत पाणी, आणि हसायला लागले. म्हणाले, "अळण्याचं मला काय सांगतीस, सुमती! नऊ वर्षं देव आणि मी, दोघं अळणी जेवलो."

मला काही उलगडेना. मग त्यांनी सावकाश सांगितलं, इतिहासाच्या मास्तरांसारखं, पहिल्यापासून. तुम्हाला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. यल्लव्वानं खिडकीतून वाकून बघितलं होतं मला, रगड्याच्या आड हात चाटताना. तिनं तुम्हाला गाठून विचारलं, धाकटीला पोटभर वाढत नाही का तुम्ही? त्या दिवशी तुम्ही भावजींजवळ खूप हसलात म्हणे, आणि मग खूप रडलात. आणि दुसऱ्या दिवसापासून, मीठ घालायच्या आधीच, सगळ्यातलं थोडं थोडं देवासाठी वाट्यांत काढून वरच्या फळीवर झाकून ठेवायला लागलात. मग अंदाजानं मीठ घालायचं, आणि मला मोकळीक द्यायला तुळशीच्या नावानं अंगणात जायचं. परत येताना लांबून हाक मारायची, मी सापडू नये म्हणून. पूजा भावजींची, त्यामुळं नैवेद्याचं ताटही जेवायचे भावजी. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, आमटी अशी का? तुम्ही म्हणालात, "नैवेद्याच्या पानात तसंही मीठ वाढत नाहीत. आमटीत नसलं तर देव काही बोलायचा नाही, आणि तुम्हीही बोलू नका. ती पोर माझी लाज राखायला जिभेला लावते. त्याचा दोष तिला लागता कामा नये."

"डॉक्टर म्हणतात माझं बीपी या वयात उत्तम आहे," भावजी म्हणाले. "त्याचं श्रेय तुम्हा दोघींना."

मी विचारलं, "आणि ते मामेभाऊ आले होते तो दिवस?" भावजी म्हणाले, "त्या दिवशी ती एवढंच म्हणाली, आज सुमती माझ्यावर रागावलीय, आणि तिचं बरोबर आहे. उद्या तिच्या आवडीची वांगी करते." मग मी फ्लॅटचं विचारलं. सहा वर्षं रुसल्या होत्या ना माझ्यावर? "छे ग," भावजी म्हणाले. "आपण फ्लॅट बघायला आलो त्या दिवशीच ती म्हणाली, घर छान आहे, पण हॉलमधून सगळं स्वच्छ दिसतं. इथं सुमतीनं चव बघायची कुठं? त्यापेक्षा मीच थांबते."

अक्का! म्हणून मी रागावलेय. एका शब्दानं सांगायला काय जात होतं तुमचं? मी नऊ वर्षं देवाशी चोरासारखी वागले, सहा वर्षं तुमच्याशी घुश्श्यात. तुम्ही सगळं बघत होता आणि मेथी निवडत होता. मला वाटत होतं, मी तुम्हाला सांभाळून घेतेय. काय डोंबल सांभाळत होते मी! त्या चार फुटांच्या बोळात पुढंही तुम्हीच होता आणि मागंही तुम्हीच. तेव्हापासून मी भावजींना सारखं तेच तेच विचारत राहिले, अजून काय म्हणाल्या, अजून काय म्हणाल्या. इतकं प्रेम माझ्यावर कुणी केलं नाही हो. माझ्या सख्ख्या आईनं सुद्धा माझ्यासाठी देवाशी असा व्यवहार केला नसता. राग तेवढ्यापुरता आहे, जाईल. हे दुसरं काही जाणार नाही, आणि मला ते जायला नकोय.

काल तेराव्याला आचारी सांगितला होता. लाडू, पुऱ्या, भाज्या सगळं त्यानं केलं. आमटी मात्र मी करणार म्हणून अडून बसले. हॉलमध्ये तीस-पस्तीस माणसं, गुरुजी पाटावर, तुमचं पान मांडलेलं. आणि हे स्वयंपाकघर असं, की बसल्या जागेवरून सगळ्यांना सगळं दिसतं. आमटीला उकळी आली. मी झाकण काढलं, वास घेतला, डोळे मिटले. मला काही कळलं नाही. मला ते कधी जमणार नाही.

गुरुजींनी हाक मारली, "पान वाढा, आई. आधी गेलेल्यांचं, मग बाकीच्यांचं."

मी पळीनं थेंबभर आमटी तळहातावर घेतली. भिंतीकडं तोंड केलं नाही. सगळ्यांच्या देखत चाटली. हे घाईनं उठून आले, "अगं, काय करतीस, अजून पान..." गुरुजींचा हात थबकला, म्हणाले, "असं चालत नाही, आई. आता ते उष्टं झालं."

भावजी बोलले. जाग्यावरूनच, शांतपणे. "वाढू द्या तिला, गुरुजी. जी जेवणार आहे तिला चालतं."

मीठ थोडं कमी होतं. मी चिमूटभर टाकलं, ढवळलं, पुन्हा थेंब घेतला, पुन्हा चाटला. मग पातेलं घेऊन तुमच्या पानाशी गेले आणि वाढलं. देव तुमच्या सांगण्यावरून नऊ वर्षं अळणी जेवला. तुमच्या पानात मी अळणी जाऊ देणार नव्हते.

"अक्का," मी म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "मीठ बघितलंय मी. जेवा."